पहिल्या सिलिंडरचा श्वास

बेसा, नागपूर
६ ऑक्टोबर २०२५

काकाजी, जय भीम.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही अन् मोबाइलवरची बारीक अक्षरं तुम्ही वाचत नाही, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून राहिली. गाडीवाला नत्थूजी इतवारी बाजारात तांदळाचे पोते उतरवून कुहीले वापस जाताना गॅरेजवरून जाणार आहे. त्याच्याच हाती हे देते.

शालिकरामभाऊच्या ट्रकचं इंजिन बांधून झालं. क्रँक, पिस्टन, रिंगा, हेड, सगळं एकटीनं. शेवटचा बोल्टही मीच कसला. आज सकाळी शालिकरामभाऊले बोलावलं, त्याच्यासमोर सेल्फ मारला, अन् गाडी सुरूच नाही झाली. सेल्फ मस्त फिरते, इंजिनही फिरते, पण पकडत नाही. बॅटरी गरम होईस्तोवर मारला. मंग शालिकरामभाऊच म्हणाला, राहू दे माया, चहा पिऊ. मी चहा तिथंच ठेवून बॅटरी चार्जिंगले लावली.

तुमचे कान गेले अन् तुम्ही कुहीले राहाले गेले तेव्हा आपलं काय ठरलं होतं ते मी विसरली नाही. एक अख्खं इंजिन मी एकटीनं बांधाचं. चाललं तं तुमचं गॅरेज माझं, नाही तं शटर कायमचं खाली. तेव्हापासून लोक माझ्याकडे ऑइल बदलाले येतात, पंक्चर घेऊन येतात, इंजिन कोणीच देत नाही. तुमच्या गावचा म्हणून शालिकरामभाऊनं दिलं. दिवाळी झाली की त्याच्याकडचे धान निघतात. तोवर गाडी उभी राहिली तं टोचन लावून, ओढत दुसरीकडे नेतो म्हणाला. रागानं नाही, हळूच म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

काय पाहू सांगा. काकूले जय भीम.

माया

———

कुही
८ ऑक्टोबर २०२५

माये,

जय भीम. तुझं पत्र भेटलं. आधी हे सांग, रडली तं नाही ना? रडली असशील तं तोंड धू अन् मंग पुढचं वाच.

डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणशील तं डॉक्टर काय करन? धूर निघते का? कोणत्या रंगाचा? वास कसा? सायलेन्सरपाशी हात धरला तं हाताले काय लागते? हे काहीच लिहिलं नाही. मले इथून तुझं इंजिन दिसत नाही, ऐकू येत नाही. तुझ्या अक्षरातूनच पाहाचं आहे.

नवं बांधलेलं इंजिन पहिल्या दिवशी रुसतेच. माझा अंदाज, डिझेलच्या नळीत हवा राहिली असन. फिल्टरपासून नोझलपर्यंत एकेक नट ढिला करून हवा काढ. बुडबुडे संपून डिझेलची सरळ धार आली की कस. अन् इंजिन बंद कराची केबल पाय, ती ओढलेली राहिली तं पंप डिझेल सोडतच नाही. मोठमोठ्या मिस्त्र्याईचं त्या केबलीनं हसं झालं आहे.

तरी नाही झालं तं गाडी ओढून सुरू करून पाय.

काकाजी

———

बेसा
१० ऑक्टोबर २०२५

काकाजी, जय भीम.

रडली होती. तोंडही धुतलं.

हवा काढली. सहाही नोझलपर्यंत डिझेल येऊन राहिलं. केबल मोकळी आहे. बॅटरी दुसरी लावली. गाडी तशीच.

आता धुराचं सांगते. सेल्फ मारला की सायलेन्सरमधून पांढरा धूर येते, भरपूर येते. डोळे झोंबतात. हात धरला तं तळहात ओला झाला, कच्च्या डिझेलचा वास. मधूनच एअर फिल्टरच्या बाजूनं 'ढप्प' असा आवाज येते, कोणी आतून खोकल्यासारखा. एवढंच.

ओढूनही पायलं. शालिकरामभाऊनं ओळखीचा ट्रॅक्टर आणला. तुमच्या वेळचं बेसा आता राहिलं नाही काकाजी, दोन्ही बाजूनं फ्लॅट झाले. आम्ही पांढरा धूर सोडत रस्त्यानं चाललो तं गॅलऱ्यागॅलऱ्यातून लोक उभे, मोबाइल काढून. एक बाई वरून ओरडली, "डास मारून राहिले का जी?" मी स्टिअरिंगवर होती. जमीन फाटून पोटात घेईन तं बरं असं झालं. गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की चाकं घसटतात, इंजिन फिरते, खोकते, अन् पकडत नाही.

शालिकरामभाऊनं ट्रॅक्टर वापस पाठवला. आज टोचनवाल्याचा नंबर विचारून राहिला होता कोणालेतरी. मले ऐकू आलं.

माया

———

कुही
१२ ऑक्टोबर २०२५

माये,

पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जाऊन राहिलं पण जळत नाही. जळाले हवा दाबून गरम व्हा लागते. हवा दाबल्या जात नसन तं दोष रिंगांचा. लगेच सांगून टाकतो. तू रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवली असशील. नाही तं रिंग उलटी बसवली असशील. शालिकराम येऊन पाहून जाते म्हणून घाई झाली असन.

खोल इंजिन. हेड काढ, पिस्टन बाहेर काढ, सगळ्या रिंगा पाय. दुसरा उपाय मले दिसत नाही. घाईत बांधलेलं इंजिन माफ करत नाही, हे मी तुले पहिल्या वर्षीच सांगतलं होतं.

काकाजी

माया, मी काकू. पत्र नत्थूजीले द्याच्या आधी दोन ओळी लिहून राहिली, त्याईले माहीत नाही. त्याईचं बोलणं मनावर घेऊ नको वं. जेवण सोडून बसले आहेत. तुझी पत्रं उशाशी ठेवतात. रोज सकाळी शेजारच्या वावरातलं पाण्याचं डिझेल इंजिन सुरू झालं की तिथं जाऊन उभे राहतात, थोडंतरी ऐकू येते का म्हणून. मंग मान खाली घालून वापस येतात. मले काही सांगत नाही. तू गाडी चालू कर बाई कशीही. — इंदू

———

बेसा
१४ ऑक्टोबर २०२५

काकाजी, जय भीम.

राग येईन तुम्हाले, येऊ द्या. रिंगा बरोबर आहेत. मी घाई केली नाही. एकेक रिंग सिलिंडरमध्ये घालून तिची फट पायली. तोंडं एकमेकींपासून दूर ठेवली, तुम्ही दाखवलं तशी. मी इंजिन खोलणार नाही. खोललं की शालिकरामभाऊ त्याच दिवशी गाडी नेईन, अन् मंग मी बरोबर होती हे मलेही कधी कळणार नाही.

सारं तुमच्यासारखंच केलं. गिअरच्या खुणा जुळवल्या. वॉल्व्ह सेट कराले इंजिन फिरवून घेतलं. मंग पंप जोडाच्या वेळी फ्लायव्हीलच्या चाकावरची खूण कव्हरातल्या बारीक खिडकीत आणली, बरोब्बर मधात, अन् पंपाचं कपलिंग कसलं. सहाही नोझल आधीच बसवून घेतले होते, तुम्ही पहिल्या सिलिंडरचं नोझल नेहमी उगाच मागं ठेवायचे तेवढं केलं नाही, बाकी सगळं तेच. अन् पंप जोडाच्या आधी तुम्ही नमस्कार करायचे, तोही सोडला नाही. तुम्ही हेडवर डोकं टेकवून डोळे मिटायचे, मी खाली रॉडनं इंजिन फिरवत राहायची, अन् तुम्ही "थांब" म्हणले की खिडकीत खूण आलेली असायची. मले नेहमी वाटे, आपल्या घरी देवपूजा नाही, पण काकाजी कामाले मान देतात. मी तेव्हा काही बोलत नव्हती, श्वासही हळू घेत होती. यावेळी खूण आल्यावर मीही हेडवर कपाळ टेकवलं. थंडगार होतं. तुमची आठवण आली.

एवढं मन लावून केलं अन् तुम्ही म्हणता घाई केली. तुम्ही इथं असते तं म्हणले नसते.

माया

———

कुही
१५ ऑक्टोबर २०२५

माये, वं माये,

नत्थूजी आज बेसाकडून जात नव्हता. त्याले हात जोडून वळाले लावलं. पत्र भेटल्याबरोबर वाच. अन् इंजिन खोलू नको. खबरदार हेडले हात लावला तं!

मी नमस्कार करत नव्हतो बाई. मी ऐकत होतो.

तुझं पत्र वाचलं अन् मी ओट्यावर बसूनच राहिलो. काकू हलवून विचारते, काय झालं, काय झालं. काय सांगू तिले? इतकी वर्षं तू खाली रॉड फिरवत होती अन् मी वर कान लावून होतो. तुले वाटलं मी खुणेसाठी थांब म्हणतो. मले वाटलं मी काय ऐकतो ते तुले माहीत आहे. आपण दोघांनी मिळून एक माणूस केला होता, अन् दोघांनाही कळलं नाही.

आता नीट वाच. पिस्टन वर येते ते दोनदा येते. एकदा हवा दाबत येते, वॉल्व्हची तोंडं सगळी बंद, श्वास कोंडून. दुसऱ्यांदा जळलेला धूर बाहेर ढकलत येते, तोंड उघडं. फ्लायव्हीलची खूण बिचारी दोन्ही वेळेस त्याच खिडकीत येते. तिले फरक कळत नाही. तुले शाळेत शिकवलं असन हे, मीही सांगतलं असन, पण हाताले कोणी शिकवलं नाही. पहिलं नोझल मी उगाच मागं ठेवत नव्हतो. त्या भोकापाशी कान लावला की पहिल्या खेपेले आतून हवा फुसफुसत कानावर येते, अन् खूण आली की एकदम दबून राहते. दुसऱ्या खेपेले खूण येते पण आवाज नाही. मी पहिल्या खेपेले "थांब" म्हणत होतो.

तू वॉल्व्ह सेट कराले इंजिन फिरवलं, खूण वापस आली, अन् तू पंप जोडला. खूण खरी होती, पण खेप चुकली. एक फेरा पुढं-मागं झाला. इंजिन श्वास सोडून मोकळं झालं की तुझा पंप त्यात डिझेल मारते. मंग पांढरा धूर येईन नाही तं काय? ढप्प आवाज येईन नाही तं काय? ते तू लिहिलं होतं. मी वाचलं अन् रिंगा-रिंगा करत बसलो.

रिंगा तुझ्या बरोबर आहेत. मी उगाच बोललो.

आता पहिलं नोझल काढ. तिथं कान लावू नको, तुले कानाची सवय नाही, अन् त्या कानाचं काय होते ते माझ्याकडे पाहून समज. अंगठा ठेव. दाबून ठेव. कोणाले तरी खालून हळूहळू रॉड फिरवाले लाव. हवा अंगठा उचलाले लागली की सावध हो, अन् तेव्हाच खिडकीत खूण येते का पाय. ती खरी. तिथं थांबव, कपलिंग ढिलं करून पंप त्याच्या खुणेवर फिरव, अन् कस.

मले आज खूप दिवसांनी तो फुसफुस आवाज आठवला. कसा असायचा ते आठवत नव्हतं, तुझ्या पत्रानं आठवला.

काकाजी

———

बेसा
१७ ऑक्टोबर २०२५

काकाजी, जय भीम, जय भीम, जय भीम!

लिहिता येऊन नाही राहिलं धड. ऑइलचे डाग पडले तं समजून घ्या.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसली. मंग लय लाज वाटली. मंग तुम्ही मले "रिंगा बरोबर आहेत" म्हणले तिथं वापस गेली अन् ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

शालिकरामभाऊ गॅरेजमध्ये बसलाच होता. टोचनवाला दुपारी येणार होता, बोलून ठेवलं होतं त्यानं. मी म्हणलं, भाऊ, एकदा फक्त रॉड फिरवा, मंग न्या. त्यानं घड्याळ पायलं. मंग शर्ट काढून खुंटीले लावला अन् गाडीखाली शिरला. मी पहिलं नोझल काढलं, त्या भोकावर अंगठा ठेवला, अन् म्हणलं, फिरवा.

पहिल्यांदा काहीच नाही. अंगठ्याखाली थंड लोखंड. शालिकरामभाऊ खालून म्हणे, काय पाहून राहिली? मी म्हणलं, बोलू नका. खिडकीत खूण आली. अगदी मधात, सुंदर, जशी त्या दिवशी आली होती. अन् अंगठ्याले काहीच नाही लागलं. काकाजी, माझ्या अंगावर काटा आला. हीच खूण मी खरी मानली होती. हिच्यावरच कपाळ टेकवलं होतं.

म्हणलं, अजून फिरवा. हळू. हवा आत गेली ते कळलं, अंगठ्याची कातडी आत ओढल्यासारखी झाली. मंग थोडा वेळ काही नाही. अन् मंग आतून कोणीतरी अंगठा उचलाले लागलं. खरं सांगते, कोणीतरीच वाटलं. मी दाबून धरला तं ते अजून जोरानं दाबाले लागलं. मी दुसरा हात वर ठेवला, दोन्ही हातांनी दाबलं, तरी बाजूनं फुस्स करून निघालं. माझ्या तोंडावर हवा आली. तेलाचा वास होता तिले. इतके दिवस मी ज्या लोखंडाले पाने लावून राहिली होती त्यानं श्वास घेतला, अन् तो माझ्या हातावर सोडला. मी स्वतः बसवलेल्या रिंगांनी तो धरून ठेवला होता. मी तशीच उभी राहिली. शालिकरामभाऊ खालून ओरडून राहिला, थांबू का? थांबू का? 

मंग खिडकीत पायलं. खूण आलेली होती. मी म्हणलं, थांब.

तो शब्द मी पहिल्यांदा बोलली काकाजी. नेहमी ऐकलाच होता.

कपलिंग ढिलं केलं, पंप फिरवून खुणेवर आणला, कसलं, नोझल बसवलं, हवा काढली. सेल्फले हात लावाच्या आधी शालिकरामभाऊले म्हणलं, तुम्ही मारा. तो म्हणे, नाही, तूच मार. मारला. अर्धा फेराही झाला नसन. एकदम धडाड करून पेटलं, सगळं गॅरेज थरथरलं, पत्र्यावरची धूळ खाली आली. पांढरा धूर आला, निळा झाला, अन् मंग नाहीच दिसला. मी ॲक्सिलेटरवर पायही ठेवला नव्हता. आपलं आपण चालून राहिलं होतं.

मी रडली. शालिकरामभाऊसमोर रडली. तो उघड्या अंगानं, तोंडाले ग्रीस लागलेला, तिथंच उभा होता, अन् तोही नाक पुसून राहिला होता. टोचनवाला आला तेव्हा गाडी चालूच होती. तो म्हणे, कोणती ओढाची आहे? आम्ही दोघंही हसाले लागलो.

तुम्ही ऐकाले पाहिजे होते. हे लिहून मले वाईट वाटून राहिलं, पण लिहिते. शालिकरामभाऊ गाडी घेऊन गावी येते तेव्हा तुमच्या दारासमोर उभी कर म्हणून सांगतलं आहे.

तुमची
माया

———

कुही
२४ ऑक्टोबर २०२५

माये,

जय भीम. दिवाळीच्या गडबडीत उशीर झाला असं तुले वाटलं असन. तसं नाही. लिहाले बसलो की लिहिता येत नव्हतं.

शालिकरामनं गाडी दारात आणली. इंजिन चालू ठेवलं अन् खाली उतरून माझ्याकडे पायत राहिला. सारी गल्ली जमा झाली. काकू तोंडाले पदर लावून उभी. अन् माये, मले काहीच ऐकू आलं नाही. एवढी मोठी गाडी समोर थरथरून राहिली, अन् माझ्यासाठी बंद पडल्यासारखी. मले वाटलं घरात निघून जावं. शालिकरामले वाईट वाटन म्हणून नुसता मडगार्डले हात लावाले गेलो.

हात लावला अन् मी तिथंच राहिलो. तळहातात सगळं आलं वं. एकामागून एक, सहाही, आपापल्या वेळेवर. कोणी मागं नाही, कोणी पुढं नाही. मी दुसरा हात ठेवला. मंग छाती लावली गाडीले. लोक हसले असतील, मले काय ऐकू येते! शालिकरामनं ॲक्सिलेटर दिला तं ते माझ्या छातीत वर चढलं. एवढी उमर मी इंजिन ऐकलं अन् मले कधी कळलं नाही की ते असंही सांगते. मी कान गेले म्हणून सारं गेलं समजून इथं येऊन बसलो होतो. मूर्खपणा केला.

चौथं सिलिंडर जरा मऊ चालते. त्याचं नोझल एकदा पाहून घे. हातानंच कळलं, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरात गेलो, त्या पाण्याच्या इंजिनचं नोझल काढलं, शेतमालकाले फिरवाले लावलं अन् अंगठा ठेवला. तू लिहिलं तसंच झालं. कातडी आत ओढल्या गेली, मंग त्यानं अंगठा उचलला. मी हसत बसलो. मालकाले वाटलं माझं डोकं फिरलं. दोन-चार वेळा केलं, मंग त्यानं इंजिन वापस जोडाले लावलं.

आता खरं काम. गॅरेज तुझं झालं. आपलं ठरलं होतं तसंच. शालिकराम साऱ्या बाजारात सांगून राहिला, तेव्हा आता इंजिनं येतील. इंजिन आलं की खालून रॉड फिरवाले कोणी लागन तुले. दरवेळी गाडीवाल्याले शर्ट काढाले लावशील तं गिऱ्हाइक पळन. माझे हात धड आहेत. खाली झोपून रॉड फिरवणं अजून जमते. तू थांब म्हणशील ते मले ऐकू येणार नाही, तं पायाले लाथ मार, मी थांबीन. काकू चालन म्हणते, तिचंही बेसाले येण्याचं मन आहे.

मले कामावर ठेवतेस का? विचार करून सांग. नाही म्हणशील तरी राग येणार नाही.

धम्मानंद

———

बेसा
२५ ऑक्टोबर २०२५

काकाजी, जय भीम.

शालिकरामभाऊनं गाडी वापस आणली, मी चौथं नोझल काढून तपासलं. तुम्ही म्हणता तसंच निघालं.

सोमवारी या. काकूले घेऊन या, वरची खोली झाडून ठेवली आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपल्या गॅरेजमध्ये जो नवीन कामाले लागते तो सकाळचा चहा आणते. मी लागली तेव्हा वर्षभर मीच आणत होती, अन् चहा आल्याचा नाही म्हणून तुम्ही वापस पाठवत होते. मले आल्याचा लागते.

माया